भूपालअण्णा मोडून बघतात

भूपालअण्णा मगदूम कुठल्याही खुर्चीवर एकदम बसत नाहीत. आधी ती तळहातानं दाबतात, मग एका बाजूला कलवून बघतात, मग अर्धे बसतात आणि शेवटी सगळं वजन टाकून दोनदा हलतात. गडहिंग्लजला माझ्या साखरपुड्याला आले होते, तेव्हा मांडवातल्या चार खुर्च्या त्यांनी अशाच तपासल्या. पाचवीपाशी थांबून माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाले, "हितं बसू नका, पावणं. मागचा पाय गेलाय." सासरे पुण्याचे. ते हसले आणि बसले. त्यांना उठवायला तिघं लागले. अण्णा बाजूला उभे राहून शांतपणे सांगत होते, "मी रिपोर्ट केलतं."

अण्णा आमच्या कंपनीत टेस्टर आहेत. राजारामपुरीत एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. आम्ही पंधरा-सोळा जण मोबाईलची अ‍ॅप बनवतो आणि अण्णा ती मोडून बघतात. वय त्रेपन्न. त्यांच्या खालोखाल वयानं मोठे म्हणजे आमचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणतो. ते अडतीस वर्षांचे आहेत.

अण्णा मूळचे बिद्रीच्या बाजूचे. घरची शेती भाऊ बघतात. हे उभी हयात एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. उसाची गाडी काट्यावर चढायच्या आधीच तिचं वजन ते नुसत्या डोळ्यांनी सांगायचे म्हणे. पन्नाशीला नोकरी सोडून कोल्हापुरात खोली घेतली आणि सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या क्लासला नाव घातलं. पहिल्या दिवशी शिकवणारा मुलगा नम्रपणे म्हणाला, "काका, पालकांनी बाहेर बसायचंय." अण्णा म्हणाले, "पालक न्हाई, मीच हाय. तुमचा माईक खरखरतोय, ते बघा आधी."

आमच्याकडे मुलाखतीला आले तेव्हा सरांनी नेहमीचा प्रश्न टाकला. टेबलावरचं आपलं पेन पुढे केलं आणि विचारलं, हे कसं तपासाल? इतर उमेदवार शाई, टोक, रंग वगैरे सांगतात. अण्णांनी पेन उलटसुलट केलं, सरांच्याच खिशाला अडकवलं आणि म्हणाले, "आता जरा खाली वाका." सर वाकले. पेन पडलं. "लिहितंय चांगलं," अण्णा म्हणाले, "पण तुमच्यापाशी ऱ्हायचं न्हाई." सरांनी आदल्या महिन्यात अशी तीन पेनं हरवली होती. नोकरी तिथंच पक्की झाली.

मी तेव्हा ऑफिसात नवी होते आणि माझा प्रोग्राम म्हणजे दगडावरची रेघ, असा माझा समज होता. अण्णांनी तो पहिल्याच आठवड्यात पुसला. नाव लिहायच्या जागी त्यांनी आपलं, वडिलांचं आणि आजोबांचं नाव लिहिलं, शेवटी 'रा. बिद्रीजवळ' असं टाकलं, आणि माझं अ‍ॅप बंद पडलं. "असं कोण लिहितं, अण्णा?" मी ओरडले. "माझा थोरला भाऊ," ते म्हणाले.

चूक सापडली की मी 'म्याडम' असायचे, नाहीतर 'पोरी'. सकाळी आल्याआल्या "म्याडम, जरा हिकडं या की" असं ऐकू आलं की मी हातातला चहा तसाच ठेवून जायचे. अण्णा जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा त्यांचा नेम. परदेशातल्या गिऱ्हाइकाबरोबर संध्याकाळची मीटिंग कितीही रंगात आली तरी अण्णा डबा घेऊन उठतात. एकदा समोरच्या गोऱ्यानं विचारलं, कुठं निघालात? अण्णांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "सन इज गोइंग," ते म्हणाले, "आय अल्सो."

आमची खरी ठिणगी उडाली ती दवाखान्याच्या अ‍ॅपवरून. कोल्हापुरातल्या एका मोठ्या डॉक्टरांसाठी आम्ही ते करत होतो. पेशंटनं घरबसल्या मोबाईलवरून नंबर लावायचा आणि वेळेवर यायचं. सगळा प्रोग्राम माझा. हे काम झालं की मी टीम लीडर होणार, असं सरांनी सांगून ठेवलेलं. सोमवारी डॉक्टरांना दाखवायचं आणि मंगळवारी चालू करायचं, असं ठरलं होतं.

सोमवारी अण्णा ओल्या बुटांनी ऑफिसात आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल.

"म्याडम, जरा हिकडं या की. काल गगनबावड्याला गेलतो."

"फिरायला?"

"नंबर लावाय."

मुसळधार पावसात, स्टँडच्या पत्र्याखाली उभं राहून त्यांनी अकरा वेळा नंबर लावला होता. तिथं रेंज येते आणि जाते. ज्या ज्या वेळी मधेच रेंज गेली, त्या त्या वेळी माझ्या अ‍ॅपनं हिरव्या अक्षरांत 'नंबर मिळाला' असं सांगितलं होतं. दवाखान्यात मात्र काहीच पोचलं नव्हतं.

मला चूक कळली. पण दुपारी मीटिंग होती. "अण्णा, गगनबावड्यात पावसात उभं राहून कोण नंबर लावणाराय?"

"गगनबावड्याचं माणूस, म्याडम. दुसरं कोण?"

सर म्हणाले, आत्ता चालू करू, मागनं दुरुस्त करू. अण्णांनी मोबाईल परत पिशवीत गुंडाळला.

दुपारी डॉक्टरांनी सगळं बघितलं, खूश झाले. "मग उद्यापासून चालू?" सरांनी माझ्याकडं बघितलं. मी लॅपटॉपकडं बघितलं.

"न्हाई," मागून अण्णा म्हणाले.

अण्णा उठून उभे राहिले. "डॉक्टर, गगनबावड्याची म्हातारी पहिली एसटी धरून येणार. मोबाईलवर हिरव्यात लिहिलंय, नंबर मिळाला. हितं आली की तुमची नंबर लिहिणारी पोरगी म्हणणार, आज्जी, तुमचं नावच न्हाई. म्हातारी मोबाईलशी भांडत न्हाई बसायची. गप माघारी जाणार."

डॉक्टरांनी मला विचारलं, "आठवडा पुरेल?"

"म्याडमना चार दिवस पुरं," अण्णाच म्हणाले. "तीन मला पायजेत. मोडाय."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दुरुस्ती नीट बसली आणि राग आपोआप उतरला. पुढचे तीन दिवस त्यांनी अ‍ॅपला हरतऱ्हेनं छळलं. शेवटी मोबाईल टेबलावर ठेवून म्हणाले, "चालतंय, पोरी." ह्याहून मोठी शाबासकी त्यांच्यापाशी नाही. आज ते अ‍ॅप आणखी सात दवाखान्यांत आहे. मी टीम लीडर झाले. अण्णांच्या हाताखाली चार तरुण टेस्टर आहेत, आणि त्या सगळ्यांना ते पावसाळ्यात एसटीनं हिंडवतात.

हे सगळं पन्नाशीला का सुरू केलं, हे मात्र ते कुणालाच सांगत नसत. "कट्टाळा आलता काट्याचा," एवढंच. मागच्या महिन्यात दुपारी जिन्यात बसून आम्ही दोघं चहा पीत होतो, तेव्हा मी पुन्हा विचारलं. कोण जाणे का, त्या दिवशी बोलले.

"आमची पद्मजा बेंगळुरात असते, तुमच्याच लाईनीत. तिची आई गेली, तवापासनं रोज फोन करायची. जेवलासा? जेवलो. बरं हाय? बरं हाय. झालं, फोन बंद. एकदा रडत हुती. हापिसात कायतरी झालतं. म्हटलं, सांग की. तर म्हणाली, अण्णा, तुम्हाला न्हाई कळायचं." त्यांनी कप खाली ठेवला. "खरंच हुतं ते. न्हवतं कळत."

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. नाव बघून ते भिंतीकडं वळले. पलीकडून एक आवाज भरभर काहीतरी सांगत होता, मधेच अडखळत होता.

"हं… हं… सर्व्हर कधी बंद पडला? त्याच्या आधी काय बदललंतं?" अण्णा ऐकत राहिले. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "रडू नको. पहिल्यापासनं सांग बघू. मला कळतंय."

मी दोन्ही कप उचलले आणि वर निघून आले.