सीतारामजींचा पूल आणि माझं इंग्रजी

इरा आणि निखिल,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू इंग्रजी घेऊन बी. ए. झालीस, मग आदिलाबादला त्याचं केलंस काय?" तुमची आई मागे हसत होती. मी "सांगीन" म्हणाले आणि फोन ठेवला. काल कपाट आवरताना कार्बनच्या निळ्या नकलांचा एक गठ्ठा हाती आला. तारखेवार लावलेला, सगळा माझ्याच हातचा. म्हणून आता सांगते. माझ्या इंग्रजीनं मी एक पूल पाडला.

एकटीनं नाही, सीतारामजींच्या सोबतीनं.

सीतारामजी आमच्या घरी यायला लागले तेव्हा तुमची आई शाळेत होती, आणि तिचं लग्न होईपर्यंत ते एकदाही खाली बसले नाहीत. खुर्ची पुढे केली की म्हणायचे, "राहू द्या वयनी, बसलो का पायाले मुंग्या येतेत." मग पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत चौदा पावलं आणि परत चौदा पावलं. चहासुद्धा चालता चालता. एका हातात कप, दुसऱ्या हातात बशी. चहा फरशीवर सांडत जायचा, त्यावरून पाहुणा कुठून कुठे गेला ते कुणालाही सांगता आलं असतं.

त्यांचं गाव बेला गावाच्या पलीकडे, पैनगंगेच्या काठी. वांगी-मिरची लावायचे आणि बियाणं आजोबांच्या दुकानातून न्यायचे. बायको वारलेली, मुलगा बल्लारशाला कामाला. गावाजवळ नदीवर एक लोखंडी पूल होता. कधीकाळी जंगलातलं लाकूड वाहायला आगगाडीचा एक फाटा काढला होता, तो मी लग्न होऊन येण्याआधीच बंद पडला. रूळ उचलून नेले, पूल राहिला. सहा गाळे, पाच दगडी खांब आणि वर कुजत चाललेले लाकडी स्लीपर. अलीकडे आंध्र, पलीकडे महाराष्ट्र, आणि मालक कोण ते कुणालाच ठाऊक नाही. सीतारामजी दर मंगळवारी पलीकडच्या बाजारात भाजी न्यायला त्यावरून जात. निदान आम्हाला तसं सांगत.

पहिल्यांदा आले तेव्हा दारातूनच म्हणाले, "वयनी, अर्जी लिवा. इंग्रजीत."

"मराठीत लिहू की. नाहीतर तेलुगूत कुणाकडून तरी लिहून घेऊ."

"मराठी वाचतेत अन् फेकून देतेत. इंग्रजी फेकाले भेतेत. कोन्या मोठ्या सायबाची असन, म्हनतेत."

मी कागद घेतला. ते चालायला लागले आणि सांगायला लागले. "लिवा. हुजूर, आमचा पूल रडून राह्यला. त्याच्या बरगड्या दिसतेत. जनमभर वझं वायलं यानं, अन् आता कोनी पाह्याले नाय."

मी लिहिलं की तिसऱ्या गाळ्यातले सात स्लीपर कुजले आहेत, ते कृपया बदलावेत, आणि वाचून दाखवलं.

"रडला का?"

"कोण?"

"पूल."

"अर्जात पूल रडत नाही, सीतारामजी."

"मंग सायेब काऊन पाघयन?"

शेवटी 'दयनीय अवस्था' एवढे दोन शब्द मी घातले. त्यावर ते कसेबसे राजी झाले.

अर्ज ते स्वतः नेऊन देत, सोबत टोपलीभर वांगी. महसुलाच्या कचेरीत म्हणत, पूल रेल्वेचा. रेल्वेवाले म्हणत जंगल खात्याचा. जंगल खातं पुन्हा महसुलाकडे बोट दाखवी. वांगी मात्र तिन्ही ठिकाणी घेत. कारकून लांबूनच ओरडे, "आ गए पुलवाले चचा! बैठिए, बैठिए." सीतारामजी उभ्यानंच विचारत, "मिसल चालू है ना, साब?" मिसल म्हणजे फाईल, निजामाच्या वेळेपासूनचा शब्द. परत येऊन मला सांगत, "आठवन देत राहा लागते, वयनी. सरकार म्हनजे लेकुरवायी बाई. आठवन नाय देली तं कोन कोनाले पाह्यन?"

आजोबा एकदा दुकानातून जेवायला आले असताना एवढंच म्हणाले, "सीतारामजी, निजलेल्या सरकारला उठवू नये. उठलं की ते काहीतरी करतं." आम्ही दोघांनी लक्ष दिलं नाही.

खरं सांगायचं तर मलाही चटक लागली होती. घरात भाजी निवडणं आणि दुकानाची पत्रं लिहिणं यापलीकडे माझ्या इंग्रजीला काम नव्हतं. सीतारामजी सुतळीनं मापं घेऊन येत, कुठला खिळा सैल, कुठल्या पट्टीला गंजून भोक पडलंय, ते सगळं. मी त्याचा तक्ता करी, क्रमांक घाली. प्रत्येक अर्ज आधीच्यापेक्षा नेटका. पूल मी डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता.

मग तुमच्या आईच्या लग्नानंतरच्या पावसाळ्यात उत्तर आलं. लिफाफा घेऊन ते आमच्याकडे धावतच आले.

मी वाचलं आणि पुन्हा वाचलं. आपल्या अर्जांतील तपशीलवार माहितीबद्दल खातं आभारी आहे. सदर माहितीवरून पूल धोकादायक असल्याचं निदर्शनास आलं आहे. तरी तो उतरवून लोखंडाचा लिलाव करण्यात येईल. खाली कारणं दिली होती. तो सबंध परिच्छेद माझा होता, स्वल्पविरामासकट.

सीतारामजी मागच्या दाराशी पोचले होते. मी मराठीत सांगितलं. ते वळले. "म्हनजे आठवलं म्हना त्याईले," असं म्हणाले. चौदा पावलं चालून पुढे आले. "कधी?"

"दिवाळीच्या आधी."

"मंगळवारी माह्या संगं चला, वयनी. ज्याच्यावर एवढं लिवलं थे एकदा पाहून घ्या."

मी गेले. बेल्यापर्यंत बस, पुढे बैलगाडी. पूल माझ्या अर्जांत होता तसाच होता, मोजून सात कुजके स्लीपर. ते पुढे आणि मी मागे, साडी खोचून, खाली न बघता. तिसऱ्या खांबावर, अगदी मधोमध, एक साठीची बाई पाय खाली सोडून बसली होती. शेजारी दोरी बांधलेला तांब्या.

"हे का तुही इंग्रजी वयनी?" ती म्हणाली. "मले वाटलं मोठी मडम असन. हे तं आपल्यासारखीच हाय, बाप्पा." मग माझ्याकडे पाहून हसली. "तुमीच पाडला म्हना आमचा पूल."

ती अनसूयाबाई, सीतारामजींची धाकटी बहीण. नदीपलीकडच्या गावात दिलेली.

हकीकत तिनंच सांगितली. तिच्या लग्नात वऱ्हाडाच्या पंगतीला पाणी वाढायला उशीर झाला. तिचे सासरे ताटावरून उठले आणि म्हणाले, "या घरचं पानी आमच्या घराले बंद." तिचे वडील म्हणाले, "मंग तुमच्या घरचं आमाले." दोघांनी पोरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. दोघंही म्हातारे पुढे वारले.

"मग आता कशाला पाळायची?" मी विचारलं.

"ज्यानं घातली त्यानंच सोडवा लागते," सीतारामजी म्हणाले. "थे तं दोघं बी गेले. आता मेलेल्याची शपत कोन सोडवन?"

म्हणून दर मंगळवारी ती शेतात जाते म्हणून निघे आणि हे बाजारात जातो म्हणून. पूल ना माहेरचा, ना सासरचा. अनसूयाबाईंनी दोरीनं तांब्या खाली सोडला, नदीचं पाणी वर ओढलं, आधी भावाला दिलं, मग आपण प्यायल्या, मग मला दिलं. राखी इथेच. भाऊबीज इथेच.

सीतारामजी तिच्याशेजारी बसले होते. तासभर बसले. मी घड्याळ पाहिलं म्हणून सांगते.

परत येताना मी म्हणाले, "आज रात्रीच अर्ज लिहिते. या वेळी खरं कारण लिहू. कदाचित ऐकतील."

"नाय."

"अहो, पण..."

"सरकारी कागदावर बहीन नाय टाकाची, वयनी. कागदाची नक्कल होते, नक्कल गावात जाते. थे इथं येते हे तिच्या घरी कोनाले मालूम नाय. उद्या म्हातारपनी तिले बोलनं बसन." मग गाडी थांबवून खाली उतरले आणि बैलांच्या बरोबरीनं चालायला लागले.

एवढ्या अर्जांत सगळं लिहिलं होतं, ते एक सोडून.

पूल उतरवायला माणसं आली तेव्हा सीतारामजी तीन आठवडे काठावर येरझारा घालत होते. त्या माणसांना त्यांनी वांगीही नेऊन दिली. आजोबांनी विचारलं, "त्यांना कशाला?" तर म्हणाले, "त्याईचा काय गुन्हा? त्याईले कागद आला."

दिवाळी जवळ आली तशी मला स्वस्थता नव्हती. शेवटी मी आजोबांशी बोलले, आणि बाजाराला आलेल्या पलीकडच्या गावच्या एका बाईकडून निरोप पाठवला की हरभऱ्याचं नवं बियाणं दुकानात आलं आहे, अनसूयाबाईंनी स्वतः येऊन पाहून घ्यावं. निरोपात दिवस भाऊबीजेचा सांगितला होता. त्या दोन बस बदलून, लांबचा वळसा घालून आल्या. सीतारामजी सकाळपासून आमच्या घरात पुढच्या दारातून मागच्या दारात चालत होते.

"बस ना रे आता," त्या आल्या आल्या म्हणाल्या, "का ओवाळू तुह्या मांगं मांगं फिरून?"

आमच्या घरचं पाणी दोघांनाही चाललं.

पण दर मंगळवारी भेटणारी ती दोघं आता वर्षातून एकदा भेटतात. एवढं काम माझ्या इंग्रजीनं केलं आहे, ते तुम्हाला ठाऊक असावं.

लोखंड गेलं. पाच दगडी खांब नदीत उभे आहेत, कारण दगडांना कुणी बोली लावली नाही. सीतारामजी आहेत, अनसूयाबाई आहेत. दर भाऊबीजेला आमच्या दुकानातून दोन किलो हरभरा पलीकडे जातो. आणि त्या दोन घरांचं पाणी अजूनही बंदच आहे.