अठ्ठावीस रोज्यांचा महिना

रमजानचा पहिला रोजा सासऱ्यांबरोबर न धरता आईबरोबर धरायचा, असा साधा निर्णय दार्सोनोने घेतला, तेव्हा त्याच्या मनात पाप नव्हतं. फक्त आळस होता. सासरे पाक हार्जो, म्हणजे हार्जोराव, गणित मांडून महिना ठरवणारे. त्यांचा महिना सोमवारी लागला. आई मात्र, सरकारने चंद्र पाहिल्याशिवाय कुणाचं न ऐकणारी, तिचा मंगळवारी. एक दिवस वाचला.

महिना संपताना तर क्लातेन गावच्या या कारकुनाला सासरची फारच ओढ लागली. सासऱ्यांची ईद मंगळवारी, आईची बुधवारी. "वडीलधाऱ्यांचा मान राखायला हवा," असं म्हणत तो मंगळवारीच सासरी जाऊन केतुपात, म्हणजे नारळाच्या पात्यांच्या विणलेल्या पुडीत उकडलेला भात, आणि नारळाच्या दुधातली कोंबडी चापून आला.

त्याच्या बायकोचं, विजीचं, दुखणं वेगळंच होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण तिचे वडील आणि सासूबाई ईदेला एका चटईवर कधी बसले नव्हते. "ज्यांची ईदच चुकीची, त्यांच्याकडे काय जेवायचं?" असं दोघंही म्हणत. याही बुधवारी पाक हार्जोंनी माहेरी राहिलेल्या लेकीला मोटारसायकलवरून सासूच्या फाटकापर्यंत आणलं आणि स्वतः बाहेरच थांबले. विजीने गुपचूप डोळे पुसले.

आत दार्सोनो रिवाजाप्रमाणे आईपुढे गुडघे टेकून वर्षभराच्या चुकांची माफी मागत होता.

"रोजे किती झाले रे?" डोक्यावर हात ठेवत आईने विचारलं.

"एकही चुकवला नाही, आई. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस!" (कारकुनी सवय. आकडा विचारला की खराच तोंडातून निघतो.)

आईचा हात थांबला.

"अहो व्याही!" ती दारात जाऊन ओरडली. "तुमच्यात महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो का हो?"

"आमच्यात?" पाक हार्जो फाटक ढकलून आत आले. "एकोणतीस, नाहीतर तीस! असलाच तर तुमच्यात असेल!"

"जन्मात ऐकलं नाही!"

"मीही नाही, विहीणबाई!"

अकरा वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच पटलं. इतकं पटलं, की जावयाची लबाडी उलगडता उलगडता पाक हार्जो चटईवर कधी टेकले आणि दुसऱ्यांदा भात कधी मागितला, हे त्यांनाही कळलं नाही. निकाल लागला. ईदेच्या दिवशी रोजा चालत नाही, तेव्हा राहिलेला रोजा उद्याच.

"पण उद्या सुट्टी आहे," दार्सोनो म्हणाला.

"म्हणूनच आम्ही दोघं लक्ष ठेवायला येणार," आई म्हणाली.

गुरुवारी दोघंही डबे घेऊन दार्सोनोच्या घरी हजर. एकाच चटईवर बसून, एकमेकांना आग्रह करकरून जेवले. दार्सोनो कोरड्या तोंडाने वाढत होता. कोंबडी संपली म्हणून तो आत गेला, तर विजी चुलीपाशी उभी होती. इतक्या आनंदात ती लग्नातही दिसली नव्हती. निदान हिला तरी आपली दया येईल, असं त्याला वाटलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "पुढच्या वर्षीही अठ्ठावीसच धराल ना?"