थर्मोस्टॅटच्या अध्यक्षस्थानी वच्छलाआत्या

वच्छलाआत्याच्या घरात मी बसवलेला थर्मोस्टॅट रीतसर कार्यक्रम झाल्याशिवाय तापमान बदलत नाही. तो प्रोग्रामेबल आहे असं त्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं आहे, त्यामुळे कोणी फसवलं असं म्हणायला जागा नाही.

मी तो स्वीडनहून आणला. घरं उबदार कशी राखायची हे शिकायला मी तिकडे गेले होते, आणि ऊब ही चैन नसून हक्क आहे हे तिथे मला पुरतं पटलं. तो हक्क घरोघरी पोचवायचा म्हणून चिखलदऱ्याला परत आले. पहिलं घर आत्याचं निवडलं, कारण तिथे वेळ थोडा होता.

आत्याच्या छातीला थंडी बाधते. मागच्या हिवाळ्यात तिला अमरावतीच्या दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. घर वीस अंशांच्या खाली जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिचा मुलगा दिवाकरदादा हैदराबादला असतो. या रविवारी येऊन आईला कायमचं घेऊन जायचं, असं त्याने ठरवलं होतं. मी फोनवर त्याच्याशी भांडले, तेव्हा तो एवढ्यावर तयार झाला की सोमवारी सकाळी उठल्यावर घर वीस अंशांवर दिसलं तर आई राहील, नाहीतर दुपारच्या गाडीने निघेल.

आत्याला जायचं नव्हतं. हैदराबादचा फ्लॅट चांगला आहे, सून चांगली आहे, हे ती स्वतःच सांगायची. मग म्हणायची, "पन तिथं मले कोन ओयखते? इथं कुत्रं बी नावानं ओयखते."

थर्मोस्टॅट कुठे बसवावा याचे नियम आहेत. बाहेरच्या भिंतीवर नको, खिडकीजवळ नको, चुलीजवळ तर नकोच. मधल्या खोलीत, छातीच्या उंचीवर, जिथे माणसं बसतात तिथे तो हवा. तिथे आधी कॅलेंडर होतं, ते मी शेजारच्या खिळ्यावर हलवलं. तेलाचे तीन हीटर आणले, वायरी जोडल्या. यंत्र सुरू होताच त्याने भाषा विचारली. यादीत मराठी होती. ज्याला थंडी वाजते त्याच्या भाषेत यंत्राने बोललं पाहिजे, असं मी तिकडच्या प्रबंधात लिहिलं होतं. मी अभिमानाने मराठी निवडली.

पडद्यावर अक्षरं आली: कार्यक्रम ठरवा.

मी ठरवला. पहाटे वीस, दुपारी अठरा, संध्याकाळपासून पुन्हा वीस, आणि दर आठवड्याला हेच पुन्हा. यंत्राने ते मान्य केलं. संध्याकाळ झाली, पण हीटर थंडच राहिले. पडद्यावर लिहून आलं होतं: अध्यक्ष अद्याप आलेले नाहीत.

मी वायरी तपासल्या. त्या बरोबर होत्या. आत्या चष्मा लावून पडद्यापुढे उभी राहिली आणि तिने ते दोनदा वाचलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. अध्यक्षांशिवाय कार्यक्रम सुरू झालेला तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. ती शाळेत शिपाई होती. समईची वात तीच लावून ठेवायची, तबक तीच धरायची, खुर्च्या तीच पुसायची आणि भाषणं सुरू झाली की चहा टाकायला जायची.

भाषा बदलून पाहावी असं मला कोणीतरी सुचवलं. मी साफ नकार दिला. यंत्राचं म्हणणं योग्य होतं आणि ते स्पष्ट मराठीत होतं.

गावातल्या प्रत्येक समारंभाचं सूत्रसंचालन गुल्हाने सर करतात. ते इस्त्रीचा सदरा घालून आले. शेजारच्या लोखंडे काकूंना प्रमुख पाहुण्या म्हणून बसवलं. अध्यक्षपदासाठी मी आत्याचं नाव सुचवलं, काकूंनी अनुमोदन दिलं. आत्या खुर्चीच्या टोकावर बसली. बसण्याआधी तिने सवयीने खुर्ची पुसली. सरांनी गळा साफ केला आणि म्हणाले, "अध्यक्षांच्या परवानगीने मी तापमानास विनंती करतो, की त्यांनी वर यावं."

हीटर टक् करून सुरू झाले. घर दोन अंशांनी तापलं. मग आत्या चहा टाकायला उठली, आणि उठताक्षणी हीटर बंद पडले.

तेव्हापासून आम्ही पद्धतशीर चाचण्या घेतल्या. चहा मी करू लागले. पहिल्यांदा समई यंत्राच्या अगदी खाली ठेवली गेली, त्यामुळे त्याला घर तापल्याचा भास झाला. ती आम्ही ओसरीवर नेली. स्वागतगीताने काही फरक पडत नाही हे दिसलं, पण काकूंना गायचं होतं म्हणून ते ठेवलं. आभारप्रदर्शन राहिलं तर मिळवलेले अंश हळूहळू परत जातात. सरांचं प्रास्ताविक लांबलं की खिडकी उघडावी लागते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाहुणा जितका लांबचा, तितकं तापमान जास्त वाढतं. काकू भिंतीपलीकडच्या, त्यांचे दोन अंश. सरांचे साडू परतवाड्याहून आले होते, त्यांनी चार मिळवून दिले. ते जेवून गेले.

आठवडाभरात आत्या खुर्चीत पाठ टेकून बसायला शिकली. खोकला कमी झाला होता. अध्यक्षीय भाषणात ती पहिल्यांदा फक्त "बरं" म्हणाली होती. शनिवारी हीटरवर कपडे वाळत घालू नयेत, या विषयावर तिने विचार मांडले आणि घर एका अंशाने वर गेलं.

दिवाकरदादा रविवारी संध्याकाळी आला. दारातली रांगोळी, ओसरीवरची समई, आत मांडलेल्या खुर्च्या हे सगळं त्याने पाहिलं आणि घराचं मंगल कार्यालय केलंस काय, असं मला विचारलं. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग आत जाऊन आईची पेटी काढली आणि पलंगावर उघडून ठेवली.

त्या रात्री दरीतून धुकं चढलं. सकाळी घर तेरा अंशांवर होतं. आत्या शाल गुंडाळून अध्यक्षांच्या खुर्चीत बसली होती आणि प्रत्येक श्वासागणिक तिच्या छातीतून बारीक शिट्टी येत होती. सर हजर होते. काकूही नटून आल्या होत्या, पण दोन अंशांनी काय होणार? पडद्यावर अक्षरं होती: प्रमुख पाहुणे अद्याप आलेले नाहीत.

दादा स्वेटर घालून खोलीत आला. त्याने तापमान वाचलं आणि मग आईकडे पाहिलं. "झालं समाधान?" त्याने मला विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "पाहुणे आलेत. हैदराबादहून आलेत. फक्त खुर्चीवर बसलेले नाहीत."

"मी पाहुणा नाही. हे माझं घर आहे."

यंत्रावरची अक्षरं बदलली नाहीत. काकूंनी हळूच विचारलं की दिवाकरभाऊ याआधी कोणत्या दिवाळीला आले होते. दादाला पटकन आठवेना. तो आठवत उभा राहिला, तोवर आत्याला खोकल्याची उबळ आली. उबळ थांबल्यावर ती म्हणाली, "बस ना, दिवाकर. अध्यक्ष सांगून राह्यले."

दादा बसला.

सरांनी सूत्रं हातात घेतली. स्वागतगीत झालं. पाहुण्यांचा परिचय सरांनी थोडक्यात करून दिला. त्यात त्याच्या हुद्द्यापेक्षा त्याने लहानपणी पेरूच्या झाडावरून पडून हात मोडल्याचाच उल्लेख जास्त होता. मग पाहुण्यांना दोन शब्द बोलण्याची विनंती झाली.

दादा उठला. मी फार वेळ घेणार नाही, असं म्हणाला. हीटर टक् करून सुरू झाले. शाळेच्या गॅदरिंगमध्ये आपल्याला बक्षीस मिळालं होतं, ते सांगू लागला. मंचावरून त्याने आईला शोधलं होतं. सगळ्या आया पुढे बसल्या होत्या. त्याची आई मागच्या दारात किटली घेऊन उभी होती आणि तिच्या दोन्ही हातांत काहीतरी असल्यामुळे तिला टाळ्या वाजवता आल्या नव्हत्या. "मला तेव्हा," दादा म्हणाला आणि थांबला. मग इतकं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो म्हणाला आणि खाली बसला.

आत्याने टाळ्या वाजवल्या. पडद्यावर अठरा आलं होतं.

अध्यक्षीय समारोपासाठी आत्या उठली नाही. अध्यक्ष बसून बोलले तरी चालतं. तिने खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवले. "मी कुठीच नाही जात," ती म्हणाली. "कार्यक्रम चालू हाय."

वीस.

दादाने खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. मग माझ्याकडे वळून त्याने कार्यक्रम किती वाजता संपतो ते विचारलं. तो संपत नाही, दर आठवड्याला पुन्हा सुरू होतो, हे मी त्याला पडद्यावर दाखवलं. दादा बँकेत मोठ्या जागेवर आहे, त्याने अशा असंख्य समारंभांना हजेरी लावलेली आहे. अध्यक्षांना मध्येच उठवून नेणं शिष्टाचारात बसत नाही, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. तो आतल्या खोलीत गेला. पेटी बंद केल्याचा आवाज आला.

प्रमुख पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम असतो, त्यामुळे ते आधी निघाले तर कोणी वाईट वाटून घेत नाही. सरांनी तशी घोषणा केली. मी तबक धरलं. आत्याने स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून मुलाच्या खांद्यावर घातली, कारण आता तिला तिची गरज नव्हती, आणि त्याच्या हातात नारळ दिला.

"आई, नारळ देतेस मला?" दादा म्हणाला.

"हो," आत्या म्हणाली. "येत जा पन. लांबचा पाहुना लागते."

तो गेल्यावर यंत्राने आभारप्रदर्शन बाकी असल्याचं दाखवलं. ते काम माझ्याकडे होतं. मी अध्यक्षांचे, प्रमुख पाहुण्यांचे, सरांचे, काकूंचे आणि वीज मंडळाचे आभार मानले. मग चहा टाकायला गेले.