रक्ताचं वय

सोपानआण्णा माझ्या दुकानातून घेतलेली गोळी आधी उन्हात धरून बघतात, मग हुंगतात आणि मग माझ्याकडं बघतात. कोल्हारात माझं मेडिकल आहे. आण्णांच्या नजरेत मी कायमचा संशयित.

"काळंबेरं हाय ह्यात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाऊस वेळेवर आला तरी तेच, म्हशीनं दूध जास्त दिलं तरी तेच.

त्यांच्या हृदयात स्प्रिंग बसवली तेव्हा नगरच्या डॉक्टरांनी समजावलं, "म्हाताऱ्या हृदयरोग्यांचं रक्त तपासून शरीराचं खरं वय किती ते आम्ही बघतो. काही महिने पथ्य पाळा, रोज चाला. मग परत रक्त बघू."

"वय कळायला रक्त कशाला? आधार कार्ड हाय की!"

रक्त घेणाऱ्या मुलीला तर त्यांनी घामच फोडला. "येवढं कशाला? बाकीचं कुठं जातं?" शेवटी नळीवरचं आपलं नाव स्वतः वाचलं, तेव्हा कुठं खुर्चीतून उठले.

तरी पथ्य मात्र कडक पाळलं. लोणचं सोडलं, मीठ तोडलं. पहाटे प्रवरेच्या पुलाकडं चालायला लागले. तिथं एक रिटायर कंडक्टर रोज मागं दिसायचे.

"डॉक्टरचा माणूस हाय. मी चालतो का न्हाई, बघतोय."

"मग आता?"

"आता मी त्याच्याच संगट चालतो. नजर ठिवायला."

मागच्या आठवड्यात दुसरा रिपोर्ट आला. मी सोबत होतो. डॉक्टर खुशीत म्हणाले, "आण्णा, रक्तात दिसणारी आतली सूज उतरलीय. शरीर वयापेक्षा तरुण दिसतंय. अजून बरीच वर्षं काढाल."

आण्णा हसले नाहीत. "नीट बघा. दुसऱ्या कुनाचं रक्त आलं आसंल."

डॉक्टरांनी नाव दाखवलं, नंबर दाखवला. आण्णांनी विचारलं, "चुकत न्हाई का कधी मशीन?" चूक निघावी अशी त्यांची इच्छाच दिसत होती. मला नवल वाटलं.

परतताना एसटीत खिडकीपाशी बसले. राहुरी मागं पडली.

"आण्णा, चांगली बातमी आहे की ही."

"व्हय. पन घरी जाऊन सांगू कुनाला?" ते बाहेरच बघत होते. "माझी म्हातारी गेली तवा वाटलं, आपलं बी लई दिवस न्हाईत. तेवढ्यावर रेटत हुतो. आता हा म्हनतो, अजून बरीच वर्षं."

कोल्हारला उतरल्यावर मी त्यांचा हात धरला आणि सरळ आमच्या घरी नेलं. बायको भाकरी थापत होती. आण्णा दारातच घुटमळले, घसा खाकरला.

"सूनबाई, डॉक्टर म्हनतो, मी तरुण झालो."

"मग पेढे कुठं आहेत, आण्णा?"

"साखर बंद हाय गं," म्हणाले, आणि खांद्यावरच्या उपरण्यानं बराच वेळ तोंड पुसत राहिले. मग चपला काढून आत आले.