उबेच्या कपाटातला स्वेटर

इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या नेव्हिल हेबलथ्वेटने घरातला पाणी तापवायचा जुना बॉयलर काढायचं ठरवलं, तेव्हा आपण फक्त बॉयलर बदलतो आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. (त्याच्या समजुती प्रामाणिकच असत. बरोबर असतील तर शपथ.)

प्लंबर क्लफने चहा पिता पिता दोन वाटा सांगितल्या.

"सिस्टिम बॉयलर घेतलास तर वरच्या कपाटातली गरम पाण्याची टाकी राहील. दोन नळ एकदम सोड, चालतील. पण टाकी संपली की बस वाट बघत. दुसरा कॉम्बी बॉयलर, त्याला टाकीच नको. नळ सोडला की पाणी तापतं. मात्र एका वेळी एकच नळ."

"आणि टाकीची जागा?"

"मोकळी. झाडू ठेव, नाहीतर बायकोला ठेव."

"बायको इथेच आहे," ग्लेनिस म्हणाली.

नेव्हिलने तीन आठवडे वहीत रकाने पाडून तुलना केली आणि कॉम्बी घेतला. ग्लेनिसचे वडील आर्नल्ड त्यांच्याकडेच राहत. त्यांना विचारायचा रकाना वहीत नव्हता.

पहिल्याच सकाळी नेव्हिल डोक्याला साबण लावून उभा असताना ग्लेनिसने खाली भांडी घासायला घेतली. अंगावर बर्फासारखं पाणी आलं, पण त्याने ब्र काढला नाही. निर्णय त्याचा होता.

संध्याकाळी आर्नल्ड वरच्या कपाटापाशी उभे दिसले. टाकी होती तेव्हा तिच्या उबेला तिथे टॉवेल, चादरी असत आणि वरच्या फळीवर एडिथचा निळा स्वेटर. एडिथ, म्हणजे ग्लेनिसची आई, जाऊन चार वर्षं झाली होती. आर्नल्ड रोज तो स्वेटर मांडीवर घेऊन बातम्या बघत.

"गार पडलाय," ते म्हणाले. "आतापर्यंत वाटायचं, तिने आत्ताच अंगातून काढून ठेवलाय."

नेव्हिलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जुनी टाकी तर भंगारात गेली होती.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी बातम्यांआधी, पाच वाजता न्हाणीघरात जाई, स्वेटर अंगात कोंबी, वर ओव्हरकोट चढवी आणि घाम फुटेपर्यंत जागच्या जागी धावे. एकदा कडी लावायला विसरला आणि ग्लेनिस आत आली.

"हे काय?"

"बाबांसाठी तापवतोय."

तिने दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "कोपर जपून. शिवण उसवेल."

असा महिना गेला. आर्नल्ड ऊबदार स्वेटर मांडीवर घेत आणि बातम्या बघत. नेव्हिलला स्वतःचा थोडा अभिमानही वाटू लागला होता. एका रविवारी जेवताना नेव्हिल नेहमीसारखं कांद्याचं लोणचं वाढून घेत होता, तेव्हा आर्नल्डनी काटा खाली ठेवला.

"नेव्हिल, स्वेटर रोज गरम असतो."

"कपाटात ऊब राहत असेल, बाबा."

"असेल. पण बावन्न वर्षांच्या संसारात एडिथला कांद्याच्या लोणच्याचा वास कधी आला नाही. आणि तिने दोन बटणंही तोडली नव्हती."

नेव्हिलने मान खाली घातली.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," आर्नल्ड म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "आता स्वेटरचे हाल पुरे. तूच येत जा बातम्यांना, माझ्याशेजारी बस."

"येईन, बाबा."

"आणि आंघोळ करून ये. ग्लेनिस भांडी घासत नसेल तेव्हा."