शारजाच्या पाकिटातली वरची मूठ

आमच्या कंपनीचा माल फॉरेनला जातो. हे मी माझ्या तोंडानं सांगून राहिलो न्हाई, गोरेगावच्या, म्हंजी मुंबईच्या न्हवं, आमच्या हळदीच्या मुलखातल्या गोरेगावच्या स्टँडवर तसा फ्लेक्सच लागलेला हाय. आता तो मीच लावला, ही गोष्ट वेगळी.

कंपनी म्हणजे एक हळदीची चक्की, पाकिटं बंद करायचं एक मशीन, मी तातेराव आन् माझा भागीदार अन्सार. तुमी म्हणसाल, फॉरेन काहून? अवो, गोरेगावात हळद कोणाला इकता? ज्याच्या त्याच्या शेतात हळद, ज्याच्या त्याच्या घरात पोतं. सोयरे येतात ते फुकट मागतात, आन् फुकट दिली तर 'आमची यापेक्षा पिवळी असती' म्हणून वर ऐकवतात. धंदा वाढवायचा तर जिथं हळद उगवत न्हाई तिथं जावं, एवढं साधं गणित. अन्सारचा मेहुणा अफरोज शारजात किराणा दुकान चालवतो. त्यानं अर्ध्या अर्ध्या किलोची हजार पाकिटं मागितली. माल चालला तर दर महिन्याला ऑर्डर, न्हाई तर रामराम.

मी त्याच दिवशी फ्लेक्स टाकला. 'गोरेगावची हळद सातासमुद्रापार!' खाली माझा गॉगल घातलेला फोटो.

अन्सार म्हणला, "तातेराव, शारजाला समुद्र एकच लागतो."

"बाकीचे सहा पुढच्या ऑर्डरीला," मी म्हणलो.

काम एकदम झकास चाललं. अन्सार काट्यावर बसला. अर्धा किलो म्हणजे अर्धा किलो, कणभर इकडं न्हाई का तिकडं न्हाई. मोजलेलं पाकीट आतल्या खोलीत जायचं, तिथं माझी बायको शालूबाई आन् शेजारची शिला मशीनवर त्याचं तोंड बंद करायच्या. चार दिवसांत माल खोक्यात. ट्रक निघाला तेव्हा मी नारळ फोडला, अर्ध्या गावाला चहा पाजला. छाती अशी फुगली की शर्टाचं एक बटन गेलं.

सहाव्या दिवशी बंदरावरच्या एजंटाचा फोन आला. "तुमचा माल अडकलाय. कागदावर पाचशे किलो, खोकी सोडून भरला पाचशे एकतीस. कस्टमचे साहेब विचारतायत, हळदीत काय दडवलंय?"

"हळदीत हळदच हाय हो!"

"मग कुत्रं आणतील."

कुत्रं आणलं. त्यानं एक पाकीट हुंगलं आन् एवढ्या शिंका दिल्या की साहेबांचा संशय आणखी वाढला. त्यात कोणत्या दोन पाकिटांचं वजन सारखं म्हणून न्हाई.

मी अन्सारवर घसरलो. "काटा बघता येत न्हाई का तुमाला?"

"माझा काटा बराबर हाय. आधी तुमी डोळ्यावरचा गॉगल काढा."

वीस वर्षांची दोस्ती, पण दोघं पाठ फिरवून बसलो. तेवढ्यात शालूबाई चहा घेऊन आली. सगळं ऐकून घेतलं आन् शांतपणे म्हणली, "एकतीस किलो? व्हय, तेवढी झाली असंल."

"काय झाली असंल?"

"मूठ. दर पाकिटात वरून एक मूठ टाकली आमी."

"काहून?"

"काहून म्हंजी? गिऱ्हाईक पहिल्यांदा आपल्याकडं आलं. त्याला काट्याला काटा लावून देता व्हय? तिकडं लोक काय म्हणतील, तातेरावाची बायको लई कद्रू हाय?"

"आन् मग वजनं येगळीयेगळी कशी?"

"शिलाची मूठ लहान हाय."

अन्सारनं कपाळाला हात लावला. "भाबी, हे मी कागदावर कसं लिहू?" एजंटाला कारण लेखी पाहिजे होतं. शेवटी अन्सारनं लिहिलं, 'जास्तीची हळद भाबीनं प्रेमानं टाकली.' साहेबांनी ते दोनदा वाचलं म्हणे, आन् हुकूम दिला, एकेक पाकीट फोडा, वजन बराबर करा.

काटा आन् मशीन उचलून आमी दोघं मुंबईला निघालो. एजंटाच्या गोदामात दोन दिवस तेच. पाकीट कापा, मूठ काढा, मोजा, चिकटवा. तिसऱ्या दिवशी बाहेर पडलो ते डोक्यापासून नखापर्यंत पिवळे. चहावाला अन्सारला म्हणला, "शादी मुबारक, चाचा." पन्नाशीतला माणूस, पण लाजला बिचारा.

माल गेला. मग वीस दिवस अफरोज गप. मी स्टँडकडं जाणं सोडलं, कारण लोक आधी फ्लेक्स वाचायचे आन् मग माझ्या तोंडाकडं बघायचे. एकदाचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"तातेरावकाका, माल संपला. पुढल्या महिन्याला दोन हजार पाठवा."

खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. अन्सारनं मला मिठी मारली. शालूबाईनं तोंड गोड करायला साखरेचा डबा उघडला.

"पण एक तक्रार हाय," अफरोज म्हणला. "पहिल्याच गिऱ्हाइकानं पाकीट काट्यावर ठेवलं. बराबर अर्धा किलो भरलं, तर भडकला माझ्यावर. म्हणला, गोरेगावची म्हणता आन् वरून मूठ न्हाई? ही डुप्लिकेट हाय."

शालूबाईनं माझ्याकडं असं बघितलं की मी काम नसताना चक्की पुसायला उठलो.

"अरे, पण अरबाला आपल्या मुठीचं काय कळतं?" मी इचारलं.

"अरब कुठला, काका? आपल्या शेजारच्या पुसेगावचा नरसिंग. इथं गाडी चालवतो."

नरसिंग! इथं होता तोवर रोज माझ्या चक्कीपुढून जीप घेऊन जायचा. घरात हळदीचं पोतं, त्यामुळं चिमूटभरसुद्धा घेतली न्हाई कधी. त्याला गिऱ्हाईक करायला मला समुद्र ओलांडावा लागला. तुमाला मात्र स्टँडवर कोणी इचारलं, तर अरबच होता म्हणून सांगा.