दामलेबाईंची हजार पॉइंटांची फौज

लग्नाच्या हॉलमध्ये शिरलं की माणसं आधी ओळखीचा चेहरा शोधतात, नाहीतर जेवणाचा वास घेतात. दामलेबाई मोजायला लागतात. मागच्या वर्षी कल्याणला आमच्या शाळेतल्या शिपायाच्या मुलीचं लग्न होतं. बाईंनी दारातूनच वरपक्षावर नजर फिरवली आणि माझ्या कानाशी लागल्या, "पेडणेकर, खास तुकड्या जास्त झाल्यात हो. दोन आत्या, एक मामा, तिघंही रुसणारे. आणि राबायला पायदळ किती, तर एकटे काका. यादी बाद!"

पंगत उठायच्या आत दोन्ही आत्या रुसल्या. मामा जेमतेम विड्यापर्यंत टिकला.

बाई आणि मी डोंबिवलीच्या एकाच शाळेत सव्वीस वर्षं होतो. त्या गणिताच्या, मी चित्रकलेचा. शिवाय शाळेचं वेळापत्रक बाई करायच्या, म्हणजे खरं राज्य त्यांचंच. परीक्षा जवळ आली की माझे तास गणिताकडे जायचे. मी कुरकुर केली की म्हणायच्या, "पेडणेकर, तुमची फळं काय टेबलावरून पळून जाणार आहेत?" फळं पळत नसत, पण सुकायची. ते त्यांना कोण सांगणार!

आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. शाळेने वेळापत्रकासाठी कॉम्प्युटर घेतला आणि घरून वेळापत्रक करून द्यायचं बाईंचं कामही गेलं. एकटं घर, लग्न केलेलं नाही, भाचे-पुतणे लांब. पहिले सहा महिने त्यांनी सोसायटीचं वेळापत्रक केलं. पाण्याचा टँकर, लिफ्टची सफाई, जिन्यात गप्पा मारण्याच्या वेळा. जिन्यातला तक्ता कोणीतरी फाडला तेव्हा बाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मला त्यांची काळजी वाटायला लागली होती.

अशात अमेय आला. हा आमचा जुना विद्यार्थी, आता पस्तिशीचा, घोडबंदर रोडला कुठल्यातरी कंपनीत. नोकरी सांभाळून त्याने ठाण्यात मित्रांबरोबर एक खोली घेतली आहे. तिथे मोठमोठी टेबलं मांडून ही मंडळी रविवारी बोटाएवढ्या सैनिकांच्या लढाया खेळतात. खोट्या टेकड्या, खोटी झाडं, खरे फासे आणि खरी भांडणं.

"बाई, स्पर्धेला तीन वेळा फौजेची लिस्ट पाठवली, तिन्ही वेळा बाद," तो म्हणाला. "तुम्ही आमचं टाइमटेबल करायचात ना? जरा बघा ना."

आणि त्याने नियमांचं जाडजूड पुस्तक पुढे ठेवलं. त्याचं सार असं: लढाईआधी फौज उभी करायची. प्रत्येक तुकडीला पॉइंट असतात आणि बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर गेली की फौज बाद. सरदार हवाच. पायदळाच्या कमीत कमी तीन तुकड्या हव्यात. तोफा, राक्षस असल्या खास गोष्टी तीन पायदळांमागे एकच. सगळ्यांना राक्षस हवे असतात, पायदळ कोणालाच नको असतं, म्हणून याद्या बाद होतात.

बाईंनी चष्मा पुसला. "अरे, हे तर आपलंच आहे की! सगळ्यांना पहिला तास हवा, शनिवारचा शेवटचा कोणालाच नको." दहा मिनिटांत त्यांनी अमेयची यादी बसवून दिली. वर त्याचे दोन राक्षस पाहून म्हणाल्या, "हावरटपणा शाळेतही होता तुझा."

त्यानंतर बाईंचा फोन वाजायला लागला. ठाकुर्लीहून, दिव्याहून, कोणकोण याद्या पाठवायचे. बाई लाल पेनाने खुणा करून परत धाडायच्या. "सरदार आधी लिहा, मग बाकीचं" हे त्यांचं पेटंट वाक्य झालं. मलाही त्यांनी सैनिक रंगवायला जुंपलं. रविवारी आम्ही ठाण्याला जायचो. मी कोपऱ्यात बसून कोणाच्या ढालीला, कोणाच्या घोड्याला रंग लावायचो, आणि बाई टेबलाटेबलावरून पर्यवेक्षण करत फिरायच्या. हात पाठीमागे, अगदी परीक्षेच्या हॉलमधल्यासारख्या.

पण त्या खेळायला कधीच बसल्या नाहीत. दीड वर्षात एकदाही नाही. अमेय खुर्ची पुढे करायचा, बाई म्हणायच्या, "मला कसलं खेळायला सांगतोस? मी यादीवाली." पण कोणाचा फासा चांगला पडला की त्यांची मूठ पदराआड आवळली जायची. मी चित्रकार माणूस, मला हात आधी दिसतात. बाईंना एकदा तरी त्या खुर्चीत बसलेलं बघावं, असं मला फार वाटायला लागलं.

म्हणून जोडीची स्पर्धा जाहीर झाली तेव्हा अमेयने आणि मी संगनमत करून बाईंचं आणि माझं नाव देऊन टाकलं. बाई चिडल्या, आणि मग वीस दिवस फौजेशिवाय दुसरं काही बोलल्या नाहीत. हजार पॉइंटांची एक फौज, दोघांत वाटून घ्यायची. यादी त्यांनी केली. मी अकरा दिवस खपून एक हिरवा राक्षस रंगवला. यादी मी वाचलीसुद्धा नाही. दामलेबाईंची यादी तपासणं म्हणजे सोनाराने कान टोचलेत की नाही, हे न्हाव्याने बघण्यासारखं.

स्पर्धेच्या सकाळी अमेय तपासणीच्या टेबलावर होता. आमचा कागद त्याने दोनदा वाचला, मग हळूच म्हणाला, "बाई, ही बाद होतेय."

आजूबाजूचे फासे थांबले.

"बेरीज हजारच आहे," बाई म्हणाल्या.

"बेरीज बरोबर आहे. पण जोडीत दोघांनाही आपापला सरदार लागतो. सरांकडे सरदार आहे, राक्षस आहे, घोडेस्वार आहेत. तुमच्याकडे फक्त तीन पायदळ."

त्याने बाईंचंच पुस्तक उघडून दाखवलं. 'प्रत्येक खेळाडूस स्वतंत्र सरदार.' खाली बाईंच्याच लाल पेनाची ठसठशीत रेघ होती.

"हे वाचलंय रे मी," बाई गोंधळून म्हणाल्या. "पण खेळाडू म्हणजे... पेडणेकर ना?"

मला एकदम शाळेतली वेळापत्रकाची ती भिंतीवरची चौकट आठवली. सगळ्यांचे तास लावून झाले की जे रकाने उरायचे, त्यांत बाई स्वतःचं नाव भरायच्या. शनिवारचे शेवटचे तास सव्वीस वर्षं कोण घेत होतं, याचा विचार माझ्या मनात कधी आलाच नव्हता. मी आपला फळांचं रडगाणं गात बसलो होतो. मला माझीच लाज वाटली.

"आमची नावं काढून टाक," बाई अमेयला म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाला तरी संधी मिळेल."

"बाई, सरांचा राक्षस काढला तर तुमचा सरदार बसतो."

"अजिबात नाही. अकरा दिवस रंगवलाय त्यांनी."

मी कागद ओढला, त्यांच्याच लाल पेनाने राक्षसावर काट मारली आणि खाली लिहिलं: दामले, सरदार. आयुष्यात पहिल्यांदाच मी बाईंच्या कागदाला हात लावला होता. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, पण ओरडल्या नाहीत.

अमेयने खोक्यातून एक कोरा, राखाडी सरदार काढून दिला. तिथे न रंगवलेला सैनिक टेबलावर चालत नाही. खेळ सुरू व्हायला अर्धा तास होता. मी रंगांची पेटी उघडली, अमेयने खुर्ची पुढे केली आणि बाई बसल्या. पर्स मांडीवर घट्ट धरून, टोकावर, पण बसल्या.

"अंगरखा कुठल्या रंगाचा करू?" मी विचारलं.

"तुम्हाला सोपा पडेल तो करा."

"तुमचा सरदार आहे, बाई. तुम्हाला कुठला आवडतो?"

त्यांनी पर्सची चेन उघडली, परत लावली. हे त्यांना बहुधा कोणी विचारलंच नसावं.

"जांभळा," त्या हलकेच म्हणाल्या. आणि मग घाईघाईने, "उरला असेल तर."

उरला नव्हता. मी निळ्यात लाल घातला आणि चांगला वाटीभर केला.